'क्रिएटिव्ह ब्रीफ'ला आपल्यात काय म्हणायचं?

अळणी_रस्सा
मंडळी, अडलंय. कोल्हापुरातल्या छोट्या उद्योजकांसाठी (चप्पल, गूळ, मसाले, दोनतीन फौंड्रीवाले) एक चारपानी माहितीपत्रक मराठीत करायला घेतलंय. विषय असा, की लेबल, खोका, जाहिरात करून घेताना डिझायनरला काम नीट कसं सांगावं. काम सांगणाऱ्या त्या कागदाला मूळ इंग्रजी शब्द 'क्रिएटिव्ह ब्रीफ'. मशीननं दिलं 'सर्जनशील संक्षिप्त'. मी केलं 'कामाचं टाचण'. काम देणाऱ्या बाईंनी लाल शाईत लिहून पाठवलं, "टाचण शाळामास्तर काढतात. बदला." आमच्या घरी वाण्याच्या यादीलाही टाचणच म्हणायचे. कोण बरोबर?

दुसरी अडचण शेवटच्या पानावर. रोज नवं ॲप, नवा ट्रेंड, गिऱ्हाइकाच्या मेसेजांचा मारा, बातम्यांनी आधीच डोकं उठलेलं; अशात ब्रीफ लिहिणाऱ्यानं 'ग्राउंडेड' राहावं, असा सल्ला आहे. 'पाय जमिनीवर ठेवा' लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतंय की माजू नका म्हणून सांगतोय.

कोर्टपक्षी
ब्रीफ मूळचा आमचा, वकिलांचा. लॅटिन 'ब्रेव्हिस' म्हणजे आखूड. विलायतेत सॉलिसिटर बॅरिस्टरला खटल्याचे कागद आणि थोडक्यात हकीकत बांधून देतो, ती ब्रीफ. जर्मनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ चक्क पत्र. जाहिरातवाल्यांनी तो नंतर उचलला. 1968 च्या आसपास लंडनच्या जाहिरात कंपन्यांत 'प्लॅनर' नावाचा माणूस नेमायला सुरुवात झाली. गिऱ्हाईक तासभर बोलणार, त्यातलं कामाचं एक वाक्य काढून चित्र काढणाऱ्यांपुढं ठेवायचं, ही त्याची जबाबदारी. तेव्हा 'टिपण' म्हणा आणि मोकळे व्हा. टाचणात मला 'टाच आणणे' दिसतं. जप्तीचा वास येतो.

गगनबावडा_घाट
टाच आणण्याचा इथं काय संबंध? कागद टाचून ठेवायचे म्हणून टाचण.

कोर्टपक्षी
टाचणी नंतरची की टाचण नंतरचं, ते आधी सांगा.

शुद्ध_तूप
दोन्ही नकोत. 'कार्यनिर्देश' हा स्वच्छ शब्द आहे. हसू नका. 'दिग्दर्शक' आणि 'महापौर' या शब्दांचं श्रेय सावरकरांना दिलं जातं, त्यांनाही लोक हसले असतील. आज सिनेमातला स्पॉटबॉयसुद्धा दिग्दर्शक म्हणतो.

उद्यमनगरी
स्पॉटबॉय 'डायरेक्टर'च म्हणतोय हो. सेटवर जाऊन बघा एकदा.

आमच्याकडं कुणी निर्देश देत नाही, ड्रॉइंग देतंय. ड्रॉइंगवर नुसतं माप नसतं, टॉलरन्स असतो. म्हणजे हे भोक इतकं, आणि इकडंतिकडं एवढं चालेल. एका बाजूला बेअरिंग बसणार, तिथं केसाएवढा फरक चालत नाही. दुसऱ्या बाजूला नुसतं रंगवायचं असतं, तिथं काय बी चालतंय. ते लिहिलं नसलं, तर कारागीर सगळीकडंच जीव काढतो, नाहीतर सगळीकडंच ढिला सोडतो. जाहिरातीच्या कागदात हे असतं का? लोगोला हात लावायचा नाही, रंग तुमच्या मनाचा घ्या, असं कुणी लिहून देतंय का? आमच्या कंपनीच्या कॅटलॉगच्या वेळी आम्ही नव्हतं दिलं. पोरानं लोगोच तिरका केला.

फ्लेक्सवाली
माझ्याकडं रोज ब्रीफ येतात आणि त्यांना सगळे 'मॅटर' म्हणतात. "ताई, मॅटर पाठवलंय." वाढदिवसाच्या फ्लेक्सचं मॅटर बघा: 'दादाचा फोटो मोठा. गॉगल राहू दे. साहेबांचा वर डाव्या कोपऱ्यात, दादापेक्षा लहान, पण बाकीच्यांपेक्षा मोठा. शुभेच्छुकांची नावं खाली, तालमीचं नाव सगळ्यात शेवटी ठळक. उद्या सकाळी सातला चौकात पाहिजे.' यात कोण मोठं, कोण लहान, काय बदलायचं नाही, कधी पाहिजे, सगळं आलं. उलट शिकलेली गिऱ्हाइकं लिहितात, 'काहीतरी हटके, मॉडर्न पण ट्रॅडिशनल'. त्यावर मी काय काढू?

शुद्ध_तूप
'मॅटर'ला 'मजकूर' आहे की.

गगनबावडा_घाट
आणि मजकूर अरबी आहे की. 'उल्लेख केलेला' असा अर्थ. जुन्या कागदांत 'मौजे मजकूर' म्हणजे 'सदरहू गाव'. तुमच्या तुपात भेसळ निघाली.

इसार_दिला
एवढं काथ्याकूट कशाला? तमाशाच्या फडाला, बँडला, ऑर्केस्ट्राला काम सांगायला आपल्याकडं शब्द आहे: सुपारी. तारीख, गाव, किती वेळ, काय वाजवायचं, बिदागी किती, सगळं त्यात येतं. कलाकाराला काम देण्याचा हाच अस्सल शब्द.

अळणी_रस्सा
माहितीपत्रकात 'डिझायनरला सुपारी कशी द्यावी' असं छापू? पोलीस येतील.

इसार_दिला
ते सिनेमावाल्यांनी बिघडवलं. शब्दाचा काय दोष?

कोर्टपक्षी
'फर्माईश' चालेल का? त्यात मागणीही आहे आणि कलेचा मानही.

शुद्ध_तूप
फारसी. फर्मानाच्याच मुळातला.

गगनबावडा_घाट
कवी माधव जूलियन आपल्या राजाराम कॉलेजात शिकवायचे. 1925 साली फार्शी-मराठी कोश त्यांनीच केला, आणि 1938 चा 'भाषाशुद्धि-विवेक'ही त्यांचाच. एकाच माणसाला दोन्ही जमलं होतं. आपल्यालाच का जमत नाही?

आता मूळ मुद्द्याला जुना दाखला देतो. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र. आमच्या बावड्याच्या जहागिरीचे हे अमात्य, आणि लिहिलं करवीरच्या संभाजीराजांसाठी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. आरमाराच्या भागात लाकडाबद्दल काय म्हटलंय ते वाचा. आंबा-फणसाची लाकडंही जहाजाला उपयोगाची, पण त्यांना हात लावू नये. नुसतं 'लावू नये' म्हणून थांबत नाही. ही झाडं वर्षादोनवर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार नाही, असं कारण देतं. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं, तेही सांगतं. कारण कळलेला माणूस न लिहिलेल्या प्रसंगातही बरोबर वागतो. ब्रीफमध्ये मला तेवढंच पाहिजे.

कोर्टपक्षी
दाखला झकास. पण आज्ञापत्र आखूड नाही, त्यामुळं ब्रीफ नाही.

पंचगंगाकाठ
आखूडच पाहिजे असेल तर 2019 चा महापूर आठवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा 39 फुटांना, धोका 43 ला, आणि पाणी 55 च्या वर. हायवे बंद, शहर तुटलेलं. 'कोल्हापूरला मदत पाठवा' एवढंच लिहिलेले मेसेज सगळीकडं फिरत होते आणि जुन्या कपड्यांचे ढीग येत होते. त्यात शिरोळ तालुक्यातल्या एका गावातून एक मेसेज आला. अजून मोबाइलमध्ये आहे: 'कपडे नकोत. पिण्याचं पाणी आहे. जनावरांचा चारा, फिनेल, खराटे आणि बायकांसाठी पॅड पाहिजेत. गाडी गावात येणार नाही, अलीकडच्या फाट्यावर उतरवा. हा मेसेज परवापर्यंतच चालवा.' खाली एकाच माणसाचा नंबर. आम्ही गल्लीतली पोरं तोवर नुसती फोन करत सुटलेलो. तो वाचल्यावर पहिल्यांदा कळलं, कुणी काय आणायचं. 'काय नको' पहिल्या ओळीत आणि 'कधीपर्यंत' शेवटच्या ओळीत. हे दोन रकाने तुमच्या पत्रकात घाला, नाव काय बी द्या.

शुद्ध_तूप
ती मदतीची यादी झाली. यात क्रिएटिव्ह काय आहे?

पंचगंगाकाठ
क्रिएटिव्ह पुढच्यानं व्हायचं असतं.

फ्लेक्सवाली
हे पटलं नाही. पुरात काय पाहिजे ते ठरलेलं असतं. जाहिरातीत गिऱ्हाइकालाच माहीत नसतं काय पाहिजे, ते बोलताबोलता सापडतं. एका कापशी चप्पलवाल्याचं (कापशी हा कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार) काम होतं. कागदावर लिहून आणलेलं 'दर्जेदार, टिकाऊ, पारंपरिक'. त्यावर मी काय केलं नसतं. मग चहा घेताना ते कान, अंगठा, वेणी, गोंडा एकेक दाखवायला लागले आणि म्हणाले, "आमच्या आजोबांकडं गिऱ्हाईक एकच सांगायचं. करकर अशी वाजली पाहिजे की घरातल्यांना कळावं, मालक आलं." झालं माझं काम. हे त्यांनी लिहून कधीच दिलं नसतं.

उद्यमनगरी
म्हणजे चहाला ब्रीफ म्हणायचं. लागला शब्द.

अळणी_रस्सा
लई भारी, पण दोन दिवसांनी छपाईला जातंय. 'ग्राउंडेड'चं बघता का कुणी?

गगनबावडा_घाट
'मन थाऱ्यावर ठेवा'.

कोर्टपक्षी
'थाऱ्यावर' फक्त नकारात आणि शिवीत येतं. 'डोकं थाऱ्यावर आहे का?' सरळ वाक्यात कधी ऐकलंय?

इसार_दिला
'भानावर राहा'.

फ्लेक्सवाली
ते पिऊन आलेल्याला सांगतात.

पंचगंगाकाठ
'दमानं घ्या'. आपल्याकडं रोजचं आहे, कुणाला समजावून सांगायला नको. दम म्हणजे श्वास. आधी श्वास घ्या, मग लिहा.

शुद्ध_तूप
श्वास या अर्थानं दम फारसी. संस्कृतमधला दम म्हणजे इंद्रियनिग्रह, शम-दम मधला. 'दमानं' त्यातूनच आला असणार. संयमानं.

गगनबावडा_घाट
कशावरून? 'दम लागला', 'दम खा', 'दम धर' हे सगळे श्वासाचेच.

शुद्ध_तूप
'दमन' कुठून आलं मग?

उद्यमनगरी
आणि 'दम दिला'? त्यात श्वास बी नाही, संयम बी नाही.