कुकर फुटला की कलम 87 कोणाच्या मदतीला येते?

पोटकलम
'कारखानदार' यांनी परवा या मंचावर लिहिले की कुकर फुटतो तो नकली गास्केटमुळे, नाहीतर शिट्टीच्या नळीत डाळीची साल अडकल्यामुळे. चूक घरातल्या माणसाची असते, भरपाई मात्र कंपनीकडून हवी असते आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम 87 अशा दावेदारांना दारातूनच परत पाठवते. हा मजकूर तीनदा वाचला, तिन्ही वेळा चीड आली, म्हणून हा वेगळा धागा.

वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झाला असेल तर दावा लावता येत नाही, हे खरे आहे, पण कोणाविरुद्ध? कलम 87 च्या त्या पोटकलमात 'विक्रेता' म्हटले आहे, 'उत्पादक' म्हटलेले नाही. उत्पादकाची जबाबदारी कलम 84 मध्ये आहे. निर्मितीतला दोष, आराखड्यातला दोष, अपुऱ्या सूचना ही कारणे तेथे दिली आहेत, आणि त्यांपैकी एकाही कारणाला उत्पादकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट जोडलेली नाही. राहिली डाळीची साल. ज्या देशात घरोघरी रोज वरण शिजते, त्या देशासाठी केलेल्या कुकरच्या नळीत साल अडकणार, हे ते भांडे आखणाऱ्याला ठाऊक नसेल तर कोणाला असणार? नळी तुंबली तर सेफ्टी वॉल्व्ह वितळला पाहिजे, तोही वितळला नाही तर झाकणाच्या कडेला ठेवलेल्या खाचेतून गास्केट बाहेर ढकलले जाऊन वाफ निघून गेली पाहिजे. असे असूनही झाकण छतावर आदळत असेल, तर नळीनंतरचे दोन्ही पहारेकरी झोपले होते.

कारखानदार
वकिलीचा अभ्यास उत्तम, पण अर्धा. त्याच कायद्यातील 'विक्रेता' या शब्दाची व्याख्या पाहा. जो उत्पादक स्वतः विक्रीही करतो, तो तिच्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे. स्वतःचा माल स्वतः विकत नाही अशी कुकरची एक तरी कंपनी दाखवा. शिवाय उघड किंवा सर्वांना ठाऊक असलेल्या धोक्याची सूचना दिली नाही म्हणून उत्पादकाला धरता येत नाही, हेही कलम 87 मध्येच आहे. वाफ भाजते, हे आता छापून सांगायचे का? आपल्या दोन पहारेकऱ्यांपैकी एकाच्या जागी चौकातून आणलेला वीस रुपयांचा वॉल्व्ह बसवलेला असतो, हे मी आयुष्यभर दुरुस्तीला आलेल्या कुकरांत पाहिले आहे.

पोटकलम
व्याख्येचा मुद्दा मान्य. आपण ती वाचली असेल अशी अपेक्षा नव्हती. तरी ग्राहक आयोगापुढे प्रश्न उरतोच की ज्या भागाने दगा दिला तो बदललेला होता की मूळचा. वॉल्व्ह नकली निघाला म्हणून खाचेचा आराखडा निर्दोष ठरत नाही.

भांडीवाला
आमच्यावर घसरणाऱ्यांनी एक ऐकावे. कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी मॉडेल बदलतात आणि जुन्याचे गास्केट पाठवणे बंद करतात. समोर उभी असलेली बाई म्हणते, 'भाऊ, बसेल ते द्या, संध्याकाळी पाहुणे आहेत.' मी नाही म्हटले तर शेजारचा देतो. आणि पक्के बिल? बिल हवे का असे विचारले की दहांतली नऊ माणसे 'बिलाशिवाय किती?' असा उलट प्रश्न करतात. मग बनवणारा सापडला नाही की कलम 86 प्रमाणे मान माझी अडकते.

कारखानदार
बिल नाही, मूळ सुटे भाग नाहीत, आणि दावा मात्र 'दोषपूर्ण उत्पादना'चा. माझेच म्हणणे यांनी सिद्ध केले.

भांडीवाला
सिद्ध काही केले नाही. सुटा भाग तुम्ही बाजारात ठेवत नाही, म्हणून नकली विकला जातो.

डोंबिवलीची लेक
आपण सगळे कलमे मोजत आहात, म्हणून घरचे सांगते. माझ्या मावशीच्या कुकरचे झाकण उडाले तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. गास्केट मूळचे होते, वॉल्व्ह मूळचा होता, बिल काकांच्या फाइलमध्ये होते. तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला आणि अतिशय नम्रपणे 'तपासणीसाठी' झाकण घेऊन गेला. पोच मागण्याचे कोणाला सुचले नाही. उरलेले भांडे आजीने अपशकुनी म्हणून भंगारात दिले. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला की प्रयोगशाळेकडे काय पाठवायचे.

पोटकलम
हे वाचून मात्र 'कारखानदार' यांनी दोन मिनिटे गप्प बसावे. ह्युंदाई क्रेटाची एअरबॅग अपघातात न उघडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये कंपनीचा 'धडक पुरेशा जोराची नव्हती' हा बचाव फेटाळला. धडकेचा वेग आणि जोर मोजण्याइतका ग्राहक भौतिकशास्त्रज्ञ नसतो, असे न्यायालयाने म्हटले.

कारखानदार
तो अपघात 2017 चा होता आणि तक्रार 1986 च्या जुन्या ग्राहक कायद्याखालची होती. कलम 87 तेथे नव्हतेच. राहिला प्रश्न झाकण पोच न देता नेण्याचा. ते चुकीचे होते, आमच्या कारखान्यात तसे चालत नसे. बाकी माझ्या मतात बदल नाही.

हिशेबनीस
मत बदलू नका, आकडा पाहा. कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे करणाऱ्या सरकारी गुणवत्ता आदेशात न बसणारे 2,265 कुकर विकले गेले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये अ‍ॅमेझॉनला 1 लाख रुपये दंड केला. कुकरमागे साधारण 44 रुपये पडले. भांडीवाले, आपल्याकडे शिट्टी कितीला मिळते?

भांडीवाला
मूळची की चौकातली?

कारखानदार
दंडाबरोबर कुकर परत घेऊन पैसे देण्याचाही आदेश होता, तो सोयीस्करपणे गाळलात.

डोंबिवलीची लेक
मावशीच्या अपघाताला आता दोन वर्षे पूर्ण व्हायला चार महिने उरले आहेत, त्यानंतर तक्रारीची मुदत संपल्याचा बचाव येईल. झाकण नसताना, केवळ बिल, रुग्णालयाची कागदपत्रे आणि छतावरील खड्ड्याचे छायाचित्र यांवर तक्रार दाखल करावी की नाही, एवढेच कोणी सांगेल का?

पोटकलम
करावी, आणि झाकण हजर करण्याचा आदेश कंपनीला द्यावा असा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा.

कारखानदार
ते झाकण नेणाऱ्याचे नावही त्या अर्जात लिहा.