षड्दर्शनं म्हणजे एका शिडीच्या सहा पायऱ्या? अजिबात नाही

धंतोलीकर
परवा रामदासपेठच्या काकांनी टाकलेली पोस्ट सगळ्यांनी वाचली असेल. म्हणणं असं, की सहा दर्शनं, म्हणजे आपल्या तत्त्वज्ञानाच्या सहा परंपरा, एकाच शिडीच्या सहा पायऱ्या आहेत. न्याय-वैशेषिकात बुद्धी घासून घ्यायची, सांख्य-योगात मन आवरायचं, मीमांसेत कर्म शुद्ध करायचं आणि शेवटी वेदान्तात पोचायचं. ऋषींमध्ये मतभेद नव्हतेच, भांडणं मागाहून टीकाकारांनी लावली आणि इंग्रजांनी वाढवली. खाली एम.ए. करणारी पोरं "किती सोपं करून सांगितलं काका" असं लिहून राहिली. ते पाहून गप्प बसवलं नाही.

टीकाकारांनी भांडणं लावली? वेदान्ताचा मूळ ग्रंथ ब्रह्मसूत्रं, त्यांचा दुसरा अध्याय काढा. भाष्य बाजूला ठेवा आणि पहिल्या पादातलं तिसरं सूत्र वाचा: "एतेन योगः प्रत्युक्तः". सांख्याला उत्तर दिलं त्यातच योगालाही दिलं, पुढे चला. तीन शब्दांत निकाल, आणि तो खुद्द सूत्रकारांचा. मग शंकराचार्यांचं भाष्य घ्या. सांख्य त्यांच्या लेखी प्रधानमल्ल, म्हणजे मुख्य पैलवान, आधी त्याला चीत करायचं. वैशेषिकांना ते अर्धवैनाशिक म्हणतात, म्हणजे बौद्धांच्या अर्ध्या वाटेवर गेलेले. आपल्याच खालच्या पायरीबद्दल कोणी असं बोलतं का?

ईश्वराचंच बघा. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे, उदयनाचार्य न्यायकुसुमांजली लिहितात ती ईश्वर सिद्ध करायला. मीमांसक कुमारिल भट्ट श्लोकवार्तिकात म्हणतात की जगाचा कोणी कर्ता नाही आणि सर्वज्ञ कोणी नाही, आणि तरी वेदांचा त्यांच्याइतका कडवा पाठीराखा दुसरा नाही. सांख्यकारिकेला ईश्वराची गरजच पडत नाही. कार्यकारणाचंही तेच. सांख्य म्हणतो घडा मातीत आधीपासून आहे, कुंभाराने तो फक्त व्यक्त केला. नैयायिक म्हणतो नव्हता, नवा झाला. यातलं एक खरं असेल तर दुसरं खोटं आहे. एकाच्या डोक्यावर पाय देऊन दुसऱ्याकडे चढता येत नाही.

आणि हे सहा तरी कोणते? आठव्या शतकातले जैन आचार्य हरिभद्रसूरी यांच्या षड्दर्शनसमुच्चयात बौद्ध, नैयायिक, सांख्य, जैन, वैशेषिक आणि जैमिनीय, म्हणजे मीमांसक, असे सहा आहेत. योगाला वेगळी जागा नाही आणि वेदान्ताचं नाव नाही. काका, तुमच्या शिडीचं वरचं टोकच त्या यादीत नाही.

काका, रामदासपेठ
माझी पोस्ट झोंबली हे बरं झालं, निदान वाचली तरी. पण तू जिथे भांडण आहे तेवढंच वाचतोस. अद्वैत वेदान्ती मधुसूदन सरस्वतींचा प्रस्थानभेद वाच. ते स्वच्छ लिहितात की हे मुनी सर्वज्ञ होते, भ्रमात नव्हते. बाहेरच्या विषयांत गुंतलेल्या माणसाला परमार्थ एकदम पेलत नाही, तो नास्तिक होऊ नये म्हणून त्यांनी वेगवेगळे प्रकार दाखवले. आपल्या विदर्भातले गुलाबराव महाराज, जन्म १८८१, गेले १९१५ साली. तान्हेपणीच दृष्टी गेली, आणि त्यांनी जन्मभर समन्वय सांगितला. त्यांना खंडन कळत नव्हतं असं म्हणायचंय का तुला?

माझे आजोबा नागपूरच्या महाल भागात कीर्तन करत. ज्ञानेश्वरीतलं गणेशाचं रूपक लावायचे तेव्हा हात पुढे करून एकेक बोट मोडत दर्शनं मोजायचे. सहा हात, देह एक. समोर मंडईतला माळी बसलेला असायचा आणि हायकोर्टातला वकीलही. दोघं डोळे पुसत उठायचे. कोणाला हरवायला त्या माणसाने कधी तोंड उघडलं नाही. तुझ्या प्रधानमल्लापेक्षा मला ते दर्शन जास्त खरं वाटतं, आणि वाटत राहणार.

धंतोलीकर
काका, ओवी पूर्ण म्हणा ना. "देखा षड्दर्शनें म्हणिपती । तेची भुजांची आकृती । म्हणऊनि विसंवादें धरिती । आयुधें हातीं ॥" विसंवाद आहे म्हणून हातात आयुधं आहेत. माउलींनी विसंवाद लपवला नाही. तर्क हा परशू. वेदान्त हा मोदक, तो खायचा. आणि एका हातात मोडलेला दात, तो वार्तिकांनी, म्हणजे टीकाग्रंथांनी, मोडलेल्या बौद्धमताचा. देह एक आहे हे मान्य, पण हात एकमेकांवर उगारलेले आहेत हे त्यांनीच सांगितलंय.

आणि मधुसूदन सरस्वती! व्यासतीर्थांचं न्यायामृत हे द्वैताचं पुस्तक, त्याचा मुद्दा न् मुद्दा खोडायला अद्वैतसिद्धी लिहिणारे ते हेच. प्रस्थानभेदातही सगळ्या मुनींचा अंतिम अभिप्राय कुठे नेऊन ठेवलाय? विवर्तवादात, म्हणजे जग हा ब्रह्मावरचा भास या अद्वैताच्या मतात, आपल्याच घरी. सोळाव्या शतकातले विज्ञानभिक्षूही समन्वयच करतात, आणि ते अद्वैत्यांना पद्मपुराणाच्या आधाराने प्रच्छन्न, म्हणजे छुपे, बौद्ध ठरवून बाहेर काढतात. जो शिडी बांधतो तो स्वतः वरच्या पायरीवर बसतो. समन्वय हीसुद्धा त्या वादातली एक बाजूच आहे. पंच म्हणून तिला उभं करू नका.

इंदोरा चौक
मोडलेल्या दातावरून सगळे पुढे निघून गेले, मी नाही जाणार. तुमच्या गणपतीच्या सहांतल्या एका हातात आम्ही बौद्ध आहो, मोडके का होईना. आणि काकांच्या शिडीत आम्हाला पायरीसुद्धा नाही. काहून?

बौद्ध तार्किक दिङ्नाग काढून टाका आणि नैयायिक उद्द्योतकराचं न्यायवार्तिक समजावून सांगा बरं. तो पहिल्याच श्लोकात लिहितो की कुतार्किकांचं अज्ञान घालवायला हा ग्रंथ करतो. ते कुतार्किक कोण? आणि तो दुसरा बौद्ध तार्किक, धर्मकीर्ती, नसता तर कुमारिलांच्या नंतरची मीमांसा कोणाशी बोलली असती? सातशे-आठशे वर्षं ज्यांच्याशी वाद घालून तुमची दर्शनं धारदार झाली, त्यांना परीक्षेच्या वेळी वेगळ्या पेपरात ढकलता. मी बी.ए.ला असताना वर्गात हेच विचारलं होतं. सर म्हणाले, "तो तुमचा विषय, इथे नको." तुमचा म्हणजे कोणाचा, हे सगळ्या वर्गाला कळलं. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. मी खाली बसलो आणि वर्षभर त्या तासाला तोंड उघडलं नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बुद्धाच्या आधीचे विचारवंत तपासले तेव्हा मान कोणाला दिला? कपिलाला. सत्याला पुरावा लागतो म्हणाला म्हणून. अश्वघोषाच्या बुद्धचरितात सिद्धार्थ आराड या गुरूकडे शिकतो ते जवळजवळ सांख्यच आहे. तो ते ऐकून घेतो आणि हे अपुरं आहे असं सांगून निघतो. नातं म्हणायचं तर असं. आणि नागार्जुनाची टेकडी कुठे आहे? आपल्या रामटेकला. नागपूरकरांनी तरी हा विषय विसरू नये.

रामटेककर
बाकी चालू द्या, पण टेकडीचं जपून बोला दादा. बौद्ध आचार्य नागार्जुनाची आमच्याकडे परंपरा आहे, पुरावा नाही. ह्युएन त्संग त्याला दक्षिण कोसलात ठेवतो, आता दक्षिण कोसल कुठवर पसरवायचं ते ज्याच्या त्याच्या सोयीने ठरून राहिलंय. रामटेकजवळ मनसरला खोदलं तर वाकाटक राजघराण्याचं सापडलं. त्यांच्या प्रवरसेन राजाचं प्रवरेश्वर, शिवाचं स्थान.

इंदोरा चौक
एकच टेकडी, आणि तिच्यावर एकाच थराचं नाव लिहायचं? मनसरला काय होतं यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. तुम्ही निकाल देऊन मोकळे.

रामटेककर
मी तिथे लहानाचा मोठा झालोय. उत्खनन चालू होतं तेव्हा शाळा सुटली की आम्ही पोरं दोरीच्या बाहेर उभे राहायचो. विटा निघायच्या त्या आपल्या विटेच्या दुप्पट लांब. शिवाच्या मूर्ती निघाल्या त्या डोळ्यांनी पाहिल्यात. दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी शहरातून येतो आणि आमच्या टेकडीवर आपलं नाव लावून जातो. आम्हाला रस्ता धड नाही, माहितीचा फलक नाही, पावसाळ्यात विटांवर गवत उगवतं. त्याबद्दल कोणी दोन ओळी लिहीत नाही.

इंदोरा चौक
रस्त्याचं मीही लिहीन, सोबत सही करू. पण मूर्ती शिवाच्या निघाल्या म्हणून बौद्ध तिथे कधी नव्हतेच, हे कुठलं अनुमान? याला व्याप्ती, म्हणजे हेतू आणि निष्कर्ष यांचा अटळ संबंध, कुठे आहे? नैयायिकांनाच विचारा.

काका, रामदासपेठ
प्रत्येक धाग्यात हेच. विषय दर्शनांचा, आणि तुम्ही लोक तो दोन उत्तरांत जातीवर नेऊन ठेवता. वीट आलाय.

इंदोरा चौक
"तुम्ही लोक" म्हणजे कोण, काका? मी दिङ्नाग, उद्द्योतकर, धर्मकीर्ती, अश्वघोष इतकी नावं घेतली. जात हा शब्द या धाग्यात पहिल्यांदा तुम्ही लिहिलात.

धंतोलीकर
काका, हे बरोबर नाही. तुम्ही वयाने मोठे आहात म्हणून एवढंच म्हणतो. त्यांचा मुद्दा माझ्यापेक्षा नेमका आहे, त्याला उत्तर द्या.

मनसरबद्दल एक सांगतो. वाकाटकांचंच उदाहरण या वादाला लागू पडतं. नंदिवर्धनाच्या शाखेत प्रभावतीगुप्ता विष्णुभक्त, मुलगा प्रवरसेन शैव. वाशीमच्या शाखेत हरिषेणाचा मंत्री वराहदेव अजिंठ्याचं सोळावं लेणं बौद्ध संघाला देतो. विदर्भात एका घराण्याच्या छत्राखाली तिघे नांदत होते. नांदत होते म्हणून त्यांचं म्हणणं एक नव्हतं, आणि एक नव्हतं म्हणून कोणी कोणाला यादीतून खोडत नव्हतं.

काका, रामदासपेठ
"तुम्ही लोक" हे शब्द मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. बौद्ध वाद घालायला होते, पण वेद मानत नव्हते, म्हणून ते शिडीवर नाहीत. यात अपमान कसला?

वैद्य, सक्करदरा
दवाखाना आटोपून आत्ता बसलो. तुम्ही सगळे पंडितांच्या सभेत अडकलेत. ही दर्शनं वापरणाऱ्याकडे या ना.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात सामान्य, विशेष, गुण, द्रव्य, कर्म, समवाय येतात. हे वैशेषिकांचे पदार्थ, म्हणजे जगाची मूळ वर्गवारी. शारीरस्थानात पुरुष आणि प्रकृतीचं विवेचन, ते सांख्याचं. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दुसऱ्या वैद्याशी वाद कसा करावा, हेतू कसा द्यावा, हरला कोण हे कसं ठरवावं. तो न्याय. एकाच ग्रंथात, एकाच रोग्यासाठी. माझ्यासमोर संधिवाताची बाई बसते तेव्हा स्निग्ध आणि रूक्ष या गुणांचा विचार करताना मी वैशेषिक असतो, आणि तिच्या झोपेचा, चिंतेचा विचार करताना सत्त्व-रज-तमाच्या भाषेत बोलतो. मला कधी अडलं नाही. आणि धंतोलीकर, वाचस्पती मिश्रांना का विसरलात? न्यायावर तात्पर्यटीका, सांख्यावर तत्त्वकौमुदी, योगावर तत्त्ववैशारदी, मीमांसेवर न्यायकणिका, वेदान्तावर भामती. एकच माणूस. इतकं वैर असतं तर एका हाताने पाचही लिहिली असती का?

धंतोलीकर
वैद्यजी, चरकाचं मान्य करावं लागतं. काकांना जे जमलं नाही ते तुम्ही केलंत, समन्वय उपदेशाऐवजी कामात दाखवलात. पण चरकाने उचललं ते जसंच्या तसं उचललं नाही. सांख्यकारिकेची तत्त्वं पंचवीस, चरकाची चोवीस. पदार्थांचा क्रमही वैशेषिकांचे सूत्रकार कणाद यांचा नाही. त्याला रोगी बरा करायचा होता म्हणून त्याने जोडलं, तोडलं, बदललं. त्यासाठी सांख्य आणि वैशेषिक आतून एकच आहेत असं त्याला म्हणावं लागलं नाही.

वाचस्पतींचं तर माझ्याच बाजूने जातं. तत्त्वकौमुदीत ते सत्कार्यवाद, म्हणजे घडा मातीत आधीपासून आहे हे मत, असा मांडतात की सांख्यच वाटावेत, आणि तात्पर्यटीकेत नैयायिकाची बाजू तेवढ्याच ताकदीने लढवतात. कोणाचीही धार बोथट करत नाहीत. असं लिहायला समोरच्याचं म्हणणं पूर्ण कळावं लागतं. शिडीवाल्याला त्याची गरज पडत नाही, त्याने खालच्याला आधीच अर्धवट ठरवलेलं असतं. पोरांनी त्या पोस्टखाली "सोपं केलं" लिहिलं त्याचा मला राग येतो तो याचसाठी. उद्या ती श्लोकवार्तिक उघडणारच नाहीत.

वैद्य, सक्करदरा
वाचस्पतींचं म्हणता ते ठीक. पण शिकवताना कुठूनतरी सुरुवात करावीच लागते. न्यायाचं सुरुवातीचं पुस्तक तर्कसंग्रह आधी आणि भामती मागून, हे तुम्हीही करता. त्याला क्रम म्हणा.

धंतोलीकर
शिकवण्याचा क्रम, हो. सत्याचा क्रम, नाही. इथपर्यंत येतो, पुढे नाही.

रिद्धपूरची लेक
सकाळपासून वाचून राहिले. संस्कृतातली सगळी नावं झाली, बौद्ध झाले, मनसरच्या विटाही झाल्या. विदर्भात, मराठीत, तेराव्या शतकात ज्यांनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ वेगळे आणि नित्य सांगितले, त्या महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचं नाव एकानेही घेतलं नाही. पंथातल्या केसोबासांनी स्वामींची वचनं निवडून सूत्रपाठ लावला. तो तुमच्या कोणत्या पायरीवर बसतो, काका? आणि धंतोलीकर दादा, तुमच्या वादात त्याची बाजू कोणी मांडायची?

आमच्या घरी माझी आजी, अक्षरओळख नसलेली, चारही पदार्थांचे भेद पाठ सांगायची. मी विचारायची, जीव देवतेत मिळाला तर? ती म्हणायची, मिळत नाही, आणि का नाही ते ज्वारी निवडता निवडता समजावून द्यायची. अद्वैताला दिलेलं ते उत्तरच होतं, मराठीतलं. तुमच्यापैकी कोणी सूत्रपाठ वाचलाय का, तेवढं आधी सांगा. मग मी पुढचं लिहिते.