आई गावाकडं एकटी, थंडीत हीटर-गिझरचं बिल आटोक्यात कसं ठेवायचं?

औशाची_लेक

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते, कारण दोन आठवडे झाले हा विषय डोक्यातून जाईनाच झालाय. माझी आई ७४ वर्षांची, औसा तालुक्यात गावाकडं एकटी राहते. वडील जाऊन सहा वर्षं झाली, मी पुण्यात, भाऊ नाही. घर १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेलं, स्लॅबचं. जुनं माळवदाचं घर होतं तेव्हा हिवाळ्यात आत शिरलं की ऊब लागायची, भिंतीच दीड-दोन हात जाड. पण त्याच भिंतींनी माणसं गाडली, म्हणून आई त्या घराचं नाव काढत नाही. ह्या घरात मात्र डिसेंबर-जानेवारीत पहाटे शहाबादीवर पाय ठेववत नाही.

गेल्या साली मी तिला २००० वॅटचा रूम हीटर आणून दिला. एरवी तिचं बिल ६०-७० युनिटच्या पुढं कधी जात नाही, हीटर लागल्यावर पहिलंच बिल २४० युनिटचं आलं. मी गुपचूप ऑनलाईन भरलं पण मेसेज तिच्या मोबाईलवर गेला आणि शेजारच्या पोरानं तिला तो वाचून दाखवला. त्या दिवसापासून हीटर पोत्यात बांधून पलंगाखाली.

आता येळवशीला (वेळ अमावस्येला) गावी गेले होते. दिवसभर शेतात भज्जी-आंबील सगळं झालं, दमून झोपले आणि पहाटे पाचला खोकल्यानं जाग आली. बघते तर दार-खिडकी लावलेली, आई घमेल्यात निखारे घेऊन पलंगाला टेकून बसलेली, पदर डोक्यावरून घट्ट आणि हात पार निखाऱ्याला लागतील एवढे खाली. मी ओरडले तर म्हणते, "त्या हीटरचं लाईटबिल कोण भरावं माय, हे फुकट हाय की."

मला बिल भरायला जड जात नाही हो, पण ती वापरतच नाही त्याचं काय करू? कमी खर्चात ऊब मिळेल असं काही आहे का? तो तेल भरलेला हीटर कमी वीज खातो म्हणतात ते खरं का? गिझर १५ लिटरचा आहे, ती पहाटे पाचला लावते आणि आठपर्यंत चालूच असतो, त्यानं किती फरक पडत असेल? आणि सोलरचं काही जमेल का? कोणाच्या घरी असं असेल तर सांगा प्लीज.

वायरमन_लातूर

ताई, आधी हिशोब बगा म्हणजे भीती जाईल. २००० वॅट म्हणजे तासाला २ युनिट. सांजच्याला दोन तास आन पहाटं एक तास धरला तर दिवसाला ६, महिन्याला १८०. वरून तुमचं नेहमीचं ६०. झालं की २४०. म्हणजे मीटरात खोट नाही, सगळं त्या हीटरचंच हाय.

दुसरी गोष्ट बिलातल्या स्लॅबची, म्हणजे दराच्या टप्प्यायची. लोकायला वाटतं १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल महाग दरानं लागतं, तसं नसतंय. पहिल्या १०० युनिटला पहिलाच दर लागतो, त्याच्या वरच्या युनिटला दुसरा. पण तो दुसरा दर दुपटीच्या आसपास हाय आन वरून १६ टक्के वीज शुल्क, म्हणून बिल बघून माणूस हबकतो. माझ्या घरच्या बिलावर १०० च्या वरचं युनिट सगळं धरून बारा-चौदा रुपयाला पडतंय. आता तुमच्या आईचे ६०-७० चालूच हायत म्हणल्यावर ३० युनिट स्वस्तातले शिल्लक हायत. ते ३० कशावर खर्च करायचे तेवढंच ठरवायचं.

तेलाचा हीटर कमी वीज खातो हे खरं नाही. एका युनिटातून जेवढी उष्णता निघायची तेवढीच निघते, मग तेलाचा असो, कॉईलचा असो का ब्लोअर असो. तेलाचा बंद केल्यावरबी जरा वेळ गरम राहतो, उघडी लाल कॉईल नसते, हे फायदे हायत, पण बिल वॅटवर येतंय. स्लॅबच्या खोलीत रातभर खोली तापवायला जाल तर कोणताबी हीटर आणा, पैसा छतातून वर जाणार. म्हणून खोली तापवायचा नाद सोडा, माणूस तापवा. गादीवर टाकायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट येतं, एका माणसाचं ६० ते १०० वॅटचं असतंय. झोपायच्या आधी अर्धा-पाऊण तास लावलं आन अंथरुणात शिरल्यावर बारीक केलं तरी रातभरात अर्ध्या युनिटाच्या आसपास जातंय. महिन्याचे १५ युनिट. कुठं १८० आन कुठं १५.

गिझरचं म्हणाल तर तो तुम्हाला वाटतो तेवढा चोर नाही. १५ लिटर पाणी तापायला पाऊण युनिट लागतंय, वीस-पंचवीस मिनिटात तापतं आन थर्मोस्टॅट बंद करतो. तीन तास चालू ठेवल्यानं मधी मधी परत लागतो, तेवढंच वाया. काटा ६० वरून ५० ला आणा. बोरचं पाणी असंल तर कॉईलवर पांढरा क्षार बसला असणार, मग पाणी तापायला वेळ लागतो आन एक दिवस कॉईलच जाते. वर्षाला एकदा उघडून साफ करून घ्या.

आन सगळ्यात आधी ते प्लग बघा. पुनर्वसनातल्या घरायची वायरिंग तीस वर्षाची झाली, कैक ठिकाणी अर्थिंग नावालाच हाय. २००० वॅटचा हीटर ६ अँपिअरच्या प्लगला एक्स्टेंशन लावून चालवतात, मी वितळलेले बोर्ड लई बदललेत. १६ चा पॉवर प्लग, जाड वायर आन करंट उतरला की ट्रिप होणारं आरसीसीबी बसवा. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी ह्यात काटकसर करू नका.

उदगीर_सिस्टर

मी दवाखान्यात काम करते, म्हणून पहिलं बिलाचं नाही, निखाऱ्याचं बोलते. ताई, ते घमेलं आजच्या आज खोलीबाहेर काढा. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठतच नाही. धूर दिसत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, उलट धूर नसलेला निखाराच फसवतो. शेकायचं तर ओसरीत नाहीतर अंगणात, उघड्यावर.

आईंना शुगर आहे का ते लिहिलं नाही तुम्ही. असेल तर ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी दोन्हीला जपून. शुगरवाल्यांच्या तळपायाला चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतो तेव्हा कळतं. अशा माणसांनी अंथरूण आधी तापवून घ्यायचं आणि झोपताना बटण बंद करून पिनच काढायची. पिशवी टॉवेलात गुंडाळायची, उकळतं पाणी भरायचं नाही. ब्लँकेटची घडी घालून ठेवायची नाही, आतली वायर मोडते, गुंडाळून ठेवायचं. अंथरुणात लघवी व्हायचा त्रास असेल तर ते घ्यायचंच नाही.

आता बिनपैशाचं. थंडी वरून कमी लागते, खालून जास्त. आमच्याकडं सासूबाई तीन वाकळा अंगावर घ्यायच्या आणि खाली एक सतरंजी, म्हणून रात्रभर कुडकुडायच्या. दोन वाकळा खाली घातल्या, एक वर ठेवली, तर दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाल्या आज झोप लागली बाई. पलंग खिडकीच्या भिंतीपासून हातभर लांब सरकवायचा, खिडकीला जुनं जाड लुगडं दुहेरी करून लावायचं, दाराखालच्या फटीला कापडाची गुंडाळी. कानटोपी आणि मोजे घालूनच झोपायचं, आजी लोक मोजे घालायला लाजतात, तुम्ही आणून दिले तर घालतील.

आणि अंघोळ पहाटे पाचला कशाला? वय झालेल्या माणसानं, त्यात बीपी असेल तर, अंथरुणातून उठून लगेच गार न्हाणीत जाऊन उघडं होऊ नये. अकरा वाजता ऊन आल्यावर अंघोळ करायची. तोवर छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणीच कोमट झालेलं असतं, गिझरला कमी तापवावं लागतं. देवपूजा अंघोळीशिवाय होत नाही म्हणतील, तर हातपाय धुऊन दिवा लावा म्हणावं, थंडीपुरतं. हे तुम्ही सांगून ऐकणार नाहीत, गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईकडून सांगा.

परभणीकर

सोलरबद्दल मी सांगतो, पाणी तापवायचं आणि वीज तयार करायचं, दोन्ही करून बसलोय. आमच्याकडं थंडी म्हणजे इथल्या कृषी विद्यापीठातला पारा पाच-सहावर आला की पेपरात परभणीचं नाव, त्यामुळं पाणी तापवणं हा घरातला मोठाच विषय.

सोलर वॉटर हीटर एकट्या माणसाला परवडत नाही असं माझं मत. तो सहसा १०० लिटरचा घ्यावा लागतो आणि आईंना लागतं एक-दीड बादली. म्हणजे महिन्याचे वीस-पंचवीस युनिट वाचवायला मोठी रक्कम अडकवायची, त्यात बोरच्या क्षाराची भानगड. त्यापेक्षा छतावर वीज तयार करायचं सोलर बघा. पीएम सूर्यघर योजना २०२४ ला सुरू झाली, १ किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याच्या वर ७८,०००. आईंना १ किलोवॅट खूप झालं, त्यातून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट निघतात. दिवसा वीज ग्रीडला जाते, रात्री आपण वापरतो, हिशोब नेट मीटरवर होतो, म्हणजे पहाटेचं ब्लँकेट-गिझर त्यातच भागतं.

पण एक विचारतो, मीटर कोणाच्या नावावर आहे? वडिलांच्या नावावर असेल तर पहिलं ते आईंच्या नावावर करा. माझं काम इथंच अडलं होतं, बिल आजोबांच्या नावावर, त्यांना जाऊन बारा वर्षं झालेली, नाव बदलण्यातच माझा एक हिवाळा गेला.

काका_नांदेड

बाळा, मी ७१ वर्षांचा आहे आणि चार वर्षांपासून एकटा राहतो. बाकीच्यांनी वायरी-वॅटचं चांगलं सांगितलं, मी तुझ्या आईच्या बाजूनं सांगतो.

तुला वाटतं ती पैशासाठी हीटर लावत नाही. पैसे तू भरतेस हे तिला माहीत आहे. आम्हाला भीती असते ती आकड्याची. महिनाभर काहीच कळत नाही आणि एक दिवस भला मोठा आकडा येतो, त्यात आपलं किती चुकलं ते समजत नाही, मग हात आखडतो आणि सगळंच बंद करून टाकतो. माझ्या मुलानं आधी बिलाचे मेसेज स्वतःच्या नंबरवर घेतले, मी तरीही गिझर लावत नव्हतो. मग तो सुट्टीत आला तेव्हा त्यानं मला मीटरसमोर उभं केलं, गिझर लावला, पाणी तापल्यावर परत आकडा दाखवला. पाऊण युनिट. म्हणाला बाबा, हे एका चहाच्या पैशात बसतं. तेव्हापासून मी रोज अंघोळ गरम पाण्यानं करतो. त्याच्या आधीचे दोन हिवाळे मी गार पाण्यानं केली आणि त्याला फोनवर गरम पाण्यानं केली असं सांगत होतो.

तर आईला बिल लपवू नकोस. तासाचा भाव सांग. ब्लँकेट रात्रभर लावलं तर इतके रुपये, गिझर एकदा इतके. आणि महिन्याचे तेवढे पैसे वेगळ्या डबीत तिच्याच हातात ठेव, हे थंडीचे म्हणून. दुसऱ्याच्या खिशातून जातं तेव्हा आम्हाला जड वाटतं.

औशाची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, सॉरी. काका, तुमचं वाचून मी ऑफिसमध्येच रडले. आईपण फोनवर रोज "हो, लावते की हीटर" म्हणायची.

तुमची उत्तरं आली त्याच आठवड्यात शनिवारी जाऊन आले. वायरमन दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, हीटरचा प्लग मागून काळा पडलेला होता आणि अर्थिंगची वायर नुसती भिंतीत खोचलेली. नवीन अर्थिंग, एक पॉवर प्लग आणि आरसीसीबी बसवून घेतलं. हीटर मी परत आणला पुण्याला. इलेक्ट्रिक ब्लँकेट घेतलं, आईला शुगर नाही पण सिस्टरनी सांगितलं तसं झोपताना बंदच करायला लावलंय. दोन वाकळा खाली. घमेलं ओसरीत गेलं, तिथं आता शेजारच्या दोन आज्या पण येऊन बसतात सकाळी.

अंघोळीचं मात्र ऐकलं नाही. अकराला नाही म्हणाली, खूप ओढाताण करून आठवर आली.

मग मीटर दाखवलं. आईला आकडे वाचता येतात, तेवढी शाळा झालीय तिची. रात्री आठला एक आकडा लिहिला, ब्लँकेट लावलं, सकाळी गिझर झाल्यावर दुसरा लिहिला. फ्रिज-लाईट सगळं धरून दोन युनिट पण झाले नव्हते. ती बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "एवढंच? मग त्या पोरानं मला काय वाचून दाखवलं?" तेव्हा पहिल्यांदा तिला सांगितलं की तो सगळा हीटरचा खेळ होता.

आता ती रोज संध्याकाळी कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात मीटरचा आकडा लिहिते आणि मला फोनवर सांगते, आज तीन झाले, काल अडीच. परवा पाहुणे होते म्हणून चार झाले तर तेही सांगितलं. १८ दिवसांत ५१ युनिट झालेत.

परभणीकर दादा, मीटर वडिलांच्याच नावावर आहे. मृत्यूचा दाखला आहे, पण घराच्या कागदावर पण अजून त्यांचंच नाव आहे. आधी ते बदलावं लागेल का वारस म्हणून मीटर डायरेक्ट आईच्या नावावर होईल? तुम्ही कोणते कागद दिले होते ते सांगाल का?