हे वाघ कुठले? युद्धावरची न उलगडणारी रॉक गाणी: तुमचे अनुभव

पिंक फ्लॉइडचं ‘व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री’ मी पहिल्यांदा ऐकलं ते ‘द वॉल’ सिनेमाच्या सीडीवर, अकरावीत असताना. अंधार, गोठलेली जमीन आणि सुटलेले वाघ. माणसातलं जनावर मोकळं सुटलं, असं काही रूपक असणार असा अर्थ मी लावला आणि तीन-चार वर्षं तोच धरून बसलो. मग कळलं की टायगर हा जर्मन रणगाडा. फेब्रुवारी १९४४, इटलीतला अँझिओचा किनारा. तिथे मारला गेलेला सेकंड लेफ्टनंट एरिक फ्लेचर वॉटर्स हा गाणं लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सचा बाप. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा होता.

पुढे गाण्यात राजाकडून आईला आलेलं पत्र येतं. सोनेरी वर्खाचं, पण सही रबरी शिक्क्याची. मुलाला ते जुन्या फोटोंच्या खणात सापडतं. अर्थ कळल्यापासून त्या शिक्क्यापाशी माझा घसा दाटतो, आजही.

असं एखादं गाणं तुमच्याकडेही असेल. आधी काय वाटलं, कुलूप कशानं उघडलं, सविस्तर लिहा. लावलेला अर्थ चुकला असेल तर तेही लिहा.

* * *

कॉलेजच्या गॅदरिंगला क्रॅनबेरीजचं ‘झॉम्बी’ झाल्याशिवाय कार्यक्रम संपायचाच नाही. आम्ही मुली त्या एका शब्दावर गळा फाडून ओरडायचो. नावावरून मी ते भुताखेतांचं गाणं समजत होते. मधेच १९१६ साल येतं, ते यमकासाठी असेल म्हणून सोडून दिलं.

पुढे नोकरीसाठी डब्लिनला आले. ओ’कॉनेल स्ट्रीटवरच्या मोठ्या पोस्टाच्या खांबांवर गोळ्यांचे व्रण आहेत. ऑफिसमधल्या एकाने त्यातल्या एका खळग्यावर माझं बोट टेकवलं आणि म्हणाला, हे तुझं १९१६. ब्रिटिश सत्तेविरुद्धचा ईस्टरचा उठाव. वॉरिंग्टनचंही त्यानेच सांगितलं: मार्च १९९३, इंग्लंडमधल्या त्या गावात आयआरएने, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयरिश सशस्त्र संघटनेने, कचऱ्याच्या डब्यांत ठेवलेले बॉम्ब फुटले आणि दोन मुलं गेली, एक तीन वर्षांचं, एक बारा. बँडची गायिका डोलोरेस ओ’रियॉर्डन हिने गाणं लिहिलं ते त्यावर, आणि ती स्वतः आयरिश, लिमरिककडची. ‘तुमच्या डोक्यात’ हे ती इतक्या वेळा का घोकते, ते त्या खांबापाशी उमगलं. सत्त्याहत्तर वर्षांपूर्वीचं भांडण डोक्यात तसंच चालू राहतं आणि माणूस आतून मेलेला असला तरी त्याच्यामागे चालत राहतो. गॅदरिंगचा जुना व्हिडिओ कुणी ग्रुपवर टाकला की आता मी तो बघू शकत नाही.

* * *

माझं उलट झालं. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं ‘रन थ्रू द जंगल’, १९७०. जंगल, सैतान, बंदुका, म्हणजे व्हिएतनामच, यात मला कधी शंका आली नाही. गिटार शिकायला येणाऱ्या मुलांनाही तेच सांगत आलो. मग गाणं लिहिणाऱ्या जॉन फोगर्टीचंच बोलणं वाचनात आलं: गाणं अमेरिकेतल्या घराघरांतल्या बंदुकांबद्दल आहे. गाण्यातला वीस कोटी बंदुकांचा आकडा त्या देशाचा आहे. ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ला तर लोक नापामचा, म्हणजे व्हिएतनाममधल्या आगलाव्या बॉम्बचा, पाऊस ठरवून मोकळे होतात, आणि त्याच्या लेखी ते बँड फुटत चालल्याचं दुःख. सख्खा भाऊ टॉम १९७१ च्या सुरुवातीला बाहेर पडलाच.

खरोखर युद्धाचं आहे ते ‘फॉर्च्युनेट सन’. त्यात उलगडायचं काहीच नाही: बड्यांची पोरं सुटतात, बाकीच्यांची जातात. तरी जंगलाचं गाणं ज्या सैनिकांनी आपलं मानलं त्यांचं चुकलं, असं मला म्हणवत नाही.

* * *

मेटालिकाचं ‘वन’. डबल बेस ड्रमचा तो मशीनगनसारखा मारा आला की अंगावर काटा यायचा, शब्दांकडे लक्षच नव्हतं. ते डाल्टन ट्रम्बोच्या १९३९ च्या कादंबरीवरून आलंय हे नंतर समजलं. पहिल्या महायुद्धातला सैनिक. हात, पाय, डोळे, कान, तोंड काहीच उरलेलं नाही, मन मात्र जागं. उशीवर डोकं आपटून तो मोर्स लिपीत बोलू पाहतो आणि त्याची ती धडपड कुणालाच लवकर कळत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी बाबांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. पलंगाच्या लोखंडी दांड्यावर ते बोटाने वाजवायचे. आठवडाभर आम्ही सगळे त्याला हाताची थरथर समजत होतो. मग एका रात्री हे गाणं आठवलं. मी म्हटलं, बाबा, हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा. त्यांनी लगेच एकदा वाजवलं. पहिला प्रश्न काय विचारायचा तेच मला सुचेना.

* * *

नेनाच्या नव्याण्णव फुग्यांचं गाणं (१९८३) आधी इंग्रजीत ऐकलं होतं. त्यात फुगे लाल, म्हणून मी रशियाच धरून चालले होते. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकताना बाईंनी मूळ गाणं फळ्यावर लिहिलं, त्यात रंग कुठेच नाही! साधे फुगे, आणि त्यांना उडत्या तबकड्या समजून मागे विमानं धाडणारा सेनापती.

* * *

एरवी मी नुसती वाचते. अँझिओ वाचलं म्हणून लिहितेय.

आम्ही माणगावचे. तहसील कचेरीपाशी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, येता-जाता बघतच मोठे झालो. मराठा लाइट इन्फंट्री, व्हिक्टोरिया क्रॉस, वय २२. कुठे गेले, तर इटलीत, एवढंच पाठ. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. काडतुसं बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने लढले. परत आले नाहीत.

त्यांची कबर नाही. एरिक वॉटर्सचीही नाही. दोघांची नावं इटलीतल्या कासिनो गावच्या एकाच स्मारकावर कोरलेली आहेत.

काल संध्याकाळी पुतळ्यापाशी उभी राहून हेडफोनवर ते वाघांचं गाणं ऐकलं. शिक्क्याची ओळ आली. घाडग्यांच्या घरी तसं पत्र आलं असेल, तर ते घरच्यांना कुणी वाचून दाखवलं असेल?