ओशनियाचे फुटबॉल पुढारी : बिचारे की बिलंदर?

लाईनमन_नाना

परवा गप्पांमध्ये एकाने पिंक टाकली : "फिफातली सगळी घाण युरोपची आणि तेलवाल्यांची. पॅसिफिकच्या बेटांवरची माणसं साधी, त्यांना कशाला ओढता?" डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढला. माझं मत बरोबर उलटं आहे.

ओशनिया महासंघाचे, म्हणजे पॅसिफिक बेटं आणि न्यूझीलंडच्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या ओएफसीचे, गाजलेले अध्यक्ष बघा. चार्ल्स डेम्प्सी : जुलै २०००, झुरिक, २००६च्या वर्ल्ड कपचं यजमानपद फिफाच्या २४ जणांच्या कार्यकारिणीत ठरत होतं. महासंघाचा आदेश स्पष्ट होता : इंग्लंड रिंगणात असेपर्यंत इंग्लंड, मग दक्षिण आफ्रिका. शेवटच्या फेरीत या गृहस्थांनी मतच दिलं नाही. जर्मनी १२, आफ्रिका ११. दिलं असतं तर १२-१२ आणि निर्णायक मत फिफाचा तेव्हाचा अध्यक्ष ब्लाटर याचं, आणि त्याचा कल आफ्रिकेकडे होता हे उघड गुपित होतं.

मग ताहितीचे रेनाल्ड तेमारी. २०१०मध्ये एका ब्रिटिश वर्तमानपत्राने लॉबिस्ट म्हणून पाठवलेल्या पत्रकारांसमोर अकादमीसाठी पैशांची गोष्ट करून बसले, एक वर्ष निलंबन. त्यांच्या जागी आलेले पापुआ न्यू गिनीचे डेव्हिड चुंग २०१८मध्ये 'वैयक्तिक कारणास्तव' पायउतार झाले आणि २०१९मध्ये फिफाने त्यांना साडेसहा वर्षांसाठी बाहेर काढलं. लागोपाठचे दोन अध्यक्ष बंदीच्या यादीत!

आता गंमत बघा. फिफाच्या २११ मतांत दक्षिण अमेरिकेची १०, ओशनियाची ११. ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे सगळे मिळून एका मताने कमी. पन्नासेक हजार वस्तीच्या अमेरिकन सामोआचं मत आणि ब्राझीलचं मत सारखं. हे बदला, नाहीतर हा महासंघच आशियात विलीन करा. ऑस्ट्रेलिया २००६मध्ये गेलाच की तिकडे.

ऑकलंडची_माधवी

नाना, पहिल्याच चेंडूला ऑफसाइड. डेम्प्सी बेटावरचे कुठले? जन्म ग्लासगोचा, कारकीर्द न्यूझीलंडमधली, तेव्हा वय ७९. त्यांनी पैसे घेतल्याचं कधीही सिद्ध झालं नाही. दबाव असह्य झाला म्हणून मत दिलं नाही, असं त्यांनी स्वतः सांगितलं. आदल्या रात्री एका जर्मन विनोदी मासिकाने हॉटेलात काही सदस्यांना पत्रं पाठवली होती, जर्मनीला मत द्या आणि बक्षीस म्हणून ब्लॅक फॉरेस्टचं हॅम आणि कुकू घड्याळ घ्या. थट्टाच होती ती. पण म्हाताऱ्या माणसाच्या दाराखालून असले कागद सरकवणारे युरोपातले, आणि बिलंदर कोण, तर पॅसिफिकवाले?

लाईनमन_नाना

ग्लासगोचं मान्य. पण मत काही त्यांच्या घरचं नव्हतं, ते बेटांचं होतं. बेटांनी सांगितलेलं केलं नाही, हा मुद्दा उरतोच.

पेठेतला_स्टॉपर

नानांशी निम्मा सहमत. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालमीचा अध्यक्ष निवडताना फुटबॉल कळतं का, असं कोणी विचारत नाही. किट आणि मंडपाचा खर्च कोण उचलणार ते विचारतात. त्यामुळे तेमारींचं मला पटकन कळलं. महासंघाच्या तिजोरीत खडखडाट, मैदान ना धड अकादमी, आणि समोरचा सुटाबुटातला माणूस विचारतोय "काय हवं?" तोंडातून निघून जातं राव. भ्रष्टाचाराच्या आरोपातून त्यांना तेव्हा मोकळं केलं होतं, शिक्षा झाली ती निष्ठा आणि गोपनीयतेच्या नियमांखाली. अकादमी मागणं आणि स्वतःच्या खिशात घालणं एकच का?

हिशेबनीस

स्टॉपरभाऊ, गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. निलंबनाविरुद्ध तेमारी अपिलात गेले. ते अपील मागे घेतलं असतं, तर डिसेंबर २०१०च्या वर्ल्ड कप यजमानपदाच्या मतदानात चुंग बसले असते. मागे घेतलं नाही, म्हणून ओशनियाची खुर्चीच रिकामी राहिली, २४ऐवजी २२ जणांनी मतं दिली. दुसरी रिकामी खुर्ची नायजेरियाच्या आमोस आदामूंची. आणि त्या वकिलांचं बिल? ३,०५,६४० युरो मोहम्मद बिन हम्माम यांच्याकडून. बिन हम्माम म्हणजे तेव्हाचे आशियाई महासंघाचे अध्यक्ष, कतारचे. त्याच मतदानात २०२२ कतारला मिळालं. २०१५मध्ये फिफाने याच पैशांसाठी तेमारींना आठ वर्षं बाहेर काढलं. ही अकादमी नव्हे हो.

पण माझा खरा राग चुंग प्रकरणावर आहे, कारण ते कोणाला आठवतच नाही. ऑकलंडमध्ये महासंघाचं मुख्यालय आणि मैदानं, 'होम ऑफ फुटबॉल' नावाचा प्रकल्प. फिफाच्या ऑडिटरांनी फायली उघडल्या आणि निधीच रोखला. भेटवस्तू आणि हितसंबंधांच्या कलमांखाली चुंग गेले, त्यांच्या काळचे सरचिटणीस ताई निकोलस यांच्यावरही बंदी आली. वर्ल्ड कपचं मत विकणं निदान चटपटीत बातमी होते. बांधकामाचं कंत्राट कोणाला गेलं, हे वाचायला कोणी थांबत नाही. फिफा आज प्रत्येक संघटनेला चार वर्षांत ८० लाख डॉलरपर्यंत देते, ब्राझीलला तेवढेच आणि कुक आयलंड्सलाही तेवढेच. भारताला ते चिल्लर, तिथे सगळ्या देशाच्या खेळाचं बजेट. त्या पैशाशेजारी गावातलेच चार लोक बसलेले, सगळे एकमेकांचे मेहुणे किंवा शाळासोबती. लेखापरीक्षक कुठून आणणार?

ऑकलंडची_माधवी

मग सराय बेअरमनचं नावही घ्या की. सामोआ वंशाची, न्यूझीलंडमध्ये वाढलेली. सामोआच्या संघटनेला २००८मध्ये खुद्द फिफाने निलंबित केलं होतं. तिथे हिशेब सांभाळत ती सीईओ झाली, मग ओएफसीत उपसरचिटणीस. २०१५च्या भ्रष्टाचाराच्या पेचप्रसंगानंतर फिफाची जी सुधारणा समिती बसली, तिच्यात ही एकटी बाई. पुढे फिफाच्या महिला फुटबॉलची पहिली प्रमुख अधिकारी. तुमच्या यादीत फक्त अध्यक्ष आहेत, नाना. काम करणारी माणसं अध्यक्षांच्या यादीत सापडत नसतात.

लाईनमन_नाना

बेअरमनबाईंबद्दल आदर. पण एका बाईच्या हुशारीने ११ मतांचं गणित बदलत नाही. कुक आयलंड्सचे ली हार्मन तर फिफा कौन्सिलवर असताना वर्ल्ड कपची तिकिटं पुन्हा विकल्याबद्दल तीन महिने बाहेर बसले, २०१९मध्ये. तिकिटं हो! मोठं काही विकायला उरलं नाही वाटतं.

बा_गावचा_पाहुणा

उशिरा आलो. तीन वर्षं फिजीत नोकरीला होतो, त्यातली दोन बा गावाजवळ. तुम्ही सगळे झुरिकमधूनच बोलताय, म्हणून जरा खालचं सांगतो.

फिजीची फुटबॉल संघटना १९३८ची आणि नावच मुळी 'फिजी इंडियन' असं होतं. ते 'इंडियन' १९६१मध्ये गळलं. गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, पोरांनी उभारलेला खेळ तो. रग्बी ईताउकेईंची म्हणजे मूळ फिजीवासीयांची, फुटबॉल हिंदुस्तान्यांचं, अशी वाटणी कित्येक वर्षं होती. मैदानात आता दोघेही असतात, पण कमिटीच्या टेबलाभोवती आडनावं बघितलीत तर पटेल, खान, कुमार अशीच भेटतील. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये एटीके, बंगळुरू, ओडिशाकडून खेळलेला रॉय कृष्णा लाबासाचा, याच मातीतला.

आणि नानांचं विलीनीकरण. ताहितीला आज सॉलोमन आयलंड्सच्या होनियाराला खेळायला जायचं तरी वाटेत विमानं बदलावी लागतात. त्यांना उद्या ताश्कंदला पाठवा! आशियाच्या ४७ संघटनांत ही अकरा कुठे दिसतील? न्यूझीलंडचं काही बिघडणार नाही, बाकीचे संपतील.

पेठेतला_स्टॉपर

पण संपतील म्हणजे काय? आत्ता तरी कुठे जिवंत आहेत? २०१३च्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये ताहितीला स्पेनने दहा घातले, उरुग्वेने आठ. रिओ ऑलिंपिकमध्ये जर्मनीने फिजीला दहा. पुढाऱ्यांनी मतं सांभाळली, बचावफळी नाही.

ऑकलंडची_माधवी

२४ मार्च २०२५ला ईडन पार्कवर होते मी. न्यूझीलंड विरुद्ध न्यू कॅलेडोनिया, जिंकणारा थेट २०२६च्या वर्ल्ड कपला. थेट जागा ओशनियाला पहिल्यांदाच मिळाली आणि ती संघ ४८ झाले तेव्हा, म्हणजे याच मतांच्या जोरावर असं माझं मत. समोर बरेचसे नोकरी सांभाळून खेळणारे, आणि तासभर ०-०. माझ्या शेजारचा गोरा आजोबा नखं खात होता. मग आमच्या बॉक्सलने हेडर मारला आणि संपलं, ३-०. पण तो एक तास स्टॉपरभाऊंनी बघायला हवा होता.

हिशेबनीस

नाना, वस्तीप्रमाणे मतं म्हणता, तर सगळ्यात मोठा वाटा आपला येईल. आपण तो कोणाच्या हातात देणार? आपल्या संघटनेचे अध्यक्ष मुदत संपूनही खुर्चीत राहिले, सुप्रीम कोर्टाला प्रशासक नेमावे लागले, आणि ऑगस्ट २०२२मध्ये फिफाने भारतालाच निलंबित केलं. ते अध्यक्ष प्रफुल्ल पटेल, आपल्या गोंदियाचे, फिफा कौन्सिलवरही होते. १४० कोटींच्या देशाला ११ दिवस घराबाहेर उभं केलं. तेव्हा कोणी म्हणालं का, भारताचं मत काढून घ्या?

लाईनमन_नाना

हा घाव वर्मी लागला, कबूल. विलीनीकरण मागे घेतो. पण मतांचं वजन मागे घेत नाही. आणि पाहुणे, तुमच्या खालच्या माणसांबद्दल आणखी लिहा, हे टेबलावरचे पटेल-कुमार करतात तरी काय?

बा_गावचा_पाहुणा

एकाचं सांगतो, नाव नको. गोविंद पार्कवर जिल्हा सामना होता, बा काळ्या जर्सीत. आदल्या रात्री धो धो पाऊस. सकाळी सातला गेलो तर जिल्हा संघटनेचे एक पदाधिकारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पेनल्टी बॉक्समधलं पाणी बादलीने उपसत होते. गाडीच्या डिकीत कॉर्नरचे झेंडे, चुन्याची पोती, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तिकिटं. दुपारी त्याच डब्यापाशी बसून स्वतः तिकिटं फाडत होते. मी फुकट आत सोडा म्हणालो, ओळख होती. "भैया, पैसा दो," एवढंच म्हणाले, आणि सुट्टे मोजून परत दिले.