‘चार मिनिटांत प्लांट रिकामा’ म्हणे! आणि ठेकेदाराची माणसं मोजली कुणी?

रात्रपाळी_निवृत्त:
काल इथे एका साहेबांनी फोटोसकट लिहिलं. महाप्याच्या त्यांच्या कंपनीत मॉक ड्रिल झालं, चार मिनिटं दहा सेकंदांत २१२ माणसं असेंब्ली पॉइंटवर (आणीबाणीत जमायच्या जागी) हजर. वर शेरा: ‘इमर्जन्सी प्लॅन चांगलाच असतो, आपल्या कामगारांची मानसिकता नसते.’ फोटोत सगळ्यांची हेल्मेटं कोरी करकरीत. डोकं सणकलं, म्हणून लिहितोय.

ड्रिल सकाळी अकराला, नोटीस आदल्या दिवशी बोर्डावर, नंतर वडापाव. अशा वेळी कोण नाही येणार?

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात ३१ वर्षं प्लांटवर काढली. डिसेंबरातली रात्र, पावणेतीनचा सुमार. क्लोरीनच्या टनरचा, म्हणजे टनभराच्या आडव्या सिलिंडरचा, व्हॉल्व्ह ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) गळायला लागला. असेंब्ली पॉइंट मेन गेटवर, म्हणजे पश्चिमेला. दिवसा वारा खाडीकडून येतो, तेव्हा ते बरोबर. पण थंडीत रात्री वारा पारसिकच्या डोंगराकडून खाली उतरतो. म्हणजे प्लॅनने आम्हाला सरळ गॅसच्या वाटेवर नेऊन उभं केलं! क्लोरीन हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत येतो. एका नवीन पोराने होजपाइप उचलला, तो मी हिसकावला. गळतीवर पाणी मारलं की आम्ल तयार होतं आणि भोक मोठं होतं. टनर फिरवून गळती वरच्या बाजूला घेतली, म्हणजे द्रवाऐवजी गॅस निघतो. मग ग्लँड आवळला. एससीबीए (पाठीवर हवेची टाकी असलेले श्वसनसंच) दोन, त्यातल्या एकाचा काटा लाल पट्ट्यात, म्हणजे हवा संपत आलेली. साइट मेन कंट्रोलर, म्हणजे आणीबाणीत सगळी सूत्रं ज्यांच्याकडे ते साहेब, घोडबंदरला झोपलेले. फायलीत त्यांचा लँडलाइन नंबर, तो कधीच बंद झालेला.

मस्टरवर ३८, गेटवर ३८. सगळे खूश. ठेकेदाराची पाच पोरं गोदामामागे बारदानावर झोपली होती, ती मस्टरवर नव्हतीच. सुदैवाने वारा उलट्या बाजूला होता.

आता बोला मानसिकतेवर.

महापे_एचआर:
काका, ती पोस्ट माझीच. तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण न सांगता ड्रिल घ्या म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी घेतलं होतं. एक ऑपरेटर जिन्यावरून घसरला, मनगट मोडलं. वर रिॲक्टरवर बॅच चालू, कूलिंगकडे बघायला कुणी नाही. एक्झोथर्मिक, म्हणजे आपोआप तापत जाणारी, बॅच सोडून सगळे पळाले तर ड्रिलचाच अपघात होतो. १९८९च्या धोकादायक रसायनांच्या नियमांत दर सहा महिन्यांनी सराव घ्यायचा म्हटलंय, सरप्राइज द्या असं कुठे म्हटलंय? आणि मानसिकतेचं म्हणाल तर होजबॉक्समधले गनमेटलचे नोझल भंगारात कोण विकतं? डायरेक्टर विकतात का?

तुर्भे_स्टोअर:
साहेब, मी ठेकेदाराकडचा. ड्रिल असलं की सुपरवायझर सांगतो, ‘आज जेवणानंतर या.’ हजेरी अर्धी लागते. तुमच्या २१२ मध्ये माझ्यासारखे किती, तेवढं सांगा.

घणसोलीकर_ताई:
तुमचं गेटच्या आतलं चाललंय, बाहेरचं काय? त्याच १९८९च्या नियमांत गेटबाहेरचा प्लॅनही आहे. तो प्रशासनाने करायचा, वर्षातून एकदा सराव. आसपासच्या लोकांना धोका काय आणि काय करायचं हे कंपनीने आधी सांगायचं. मी १४ वर्षं राहतेय. भोंगा वाजला की सासूबाई म्हणतात, जेवणाची सुट्टी झाली. खिडक्या लावायच्या की पळायचं, आम्हाला कुणी सांगितलंय? २३ मे २०२४ला डोंबिवलीत केमिकल कंपनीत स्फोट झाला तेव्हा कुठवर काचा फुटल्या ते आठवा. त्याआधी २६ मे २०१६, तीच डोंबिवली.

महापे_एचआर:
ताई, तो नियम प्रत्येक कंपनीला नसतो. साठा ठरावीक मर्यादेवर गेला तरच.

घणसोलीकर_ताई:
आणि साठा किती ते आम्ही कंपाउंडवरून डोकावून मोजायचा?

एमआयडीसी_जुना:
ताई, एक विचारतो, राग मानू नका. एमआयडीसी १९६२ची, सिडको १९७०ची. कंपन्या इथे आधी आल्या. तुम्ही चिमणी बघून फ्लॅट घेतलात, स्वस्त मिळाला म्हणून. आता वास येतो म्हणून रडायचं?

घणसोलीकर_ताई:
स्वस्त?! कर्ज अजून फेडतेय. बिल्डर म्हणाला होता समोर गोदाम आहे, दोन वर्षांत हलणार. आणि रडणं कुणाचं काढताय? भाषा सांभाळा.

एमआयडीसी_जुना:
भाषेत काय चुकलं? बफर ठेवायला हवा होता तिथे टॉवर कुणी उभे केले, ते विचारा. कंपनीने?

गावठाण_रबाळे:
आता दोघं गप बसा. आमचा गाव तुमच्या दोघांच्या आधीचा. कंपनीला जमीन आमची गेली, बिल्डिंगला पण आमचीच. आजा भात लावायचा तिथे आता टँकर उभे असतात, दोन्ही बाजूंनी. बंब येणार कुठून? गेल्या वर्षी गवताला आग लागली तर बंब नाक्यावरच अडकला. शेवटी आमच्या पोरांनी ट्रक मागे घ्यायला लावले. आधी कोण आलं म्हणे!

एमआयडीसी_जुना:
टँकरचं बरोबर आहे. बाकीचं नाही.

रात्रपाळी_निवृत्त:
धागा माझा, भांडण घरांचं. असो. एचआर साहेब, बॅच चालू असताना ड्रिल नको हे मान्य. मला लिहितानाच सुचायला हवं होतं. पण मग बॅच सांभाळणारा कोण, तो शेवटी कुठल्या दाराने निघणार, हे प्लॅनमध्ये लिहा ना. नोझल चोरीला जातात हेही खरं. पण दर महिन्याच्या चेकलिस्टवर ‘ओके’ची सही कोण करतं, तेही सांगून टाका.

महापे_एचआर:
सही माझ्याच डिपार्टमेंटची असते. बरं, आज गेटचं रजिस्टर काढलं. ड्रिलच्या दिवशी ठेकेदाराची १९ माणसं आत होती. २१२ मध्ये धरलेली नाहीत. झालं समाधान?

तुर्भे_स्टोअर:
१९ नाही, २१. दोघं टँकरबरोबर आले होते, त्यांची एंट्री वजनकाट्यावर होते.

रात्रपाळी_निवृत्त:
एचआर साहेब, विंडसॉक, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, आहे का तुमच्याकडे?

महापे_एचआर:
आहे. फाटलाय.