पहिल्या स्केटबोर्डला चाकं कडक घ्यावीत की मऊ?

मुक्ता_डोंबिवली:
माझं मत ठाम आहे. आपल्याकडे शिकायला सुरुवात करणाऱ्याने मऊ चाकंच घ्यावीत. दुकानात तयार मिळणाऱ्या बोर्डांना बहुधा ५२-५३ मिमीची, ९९ए किंवा त्याच्या आसपासच्या कडकपणाची चाकं असतात (आकडा जितका मोठा, तितकं चाक कडक). ती गुळगुळीत काँक्रीटसाठी. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर ती फटीफटीत अडखळतात. खडा आला की बोर्ड जागीच थांबतो आणि पोरगं तोंडावर आपटतं. मग बोर्ड जातो माळ्यावर. त्याच जागी ६० मिमी, ७८एची चाकं लावा, पोरगं तासभर फिरेल. फिरलं तरच तोल येणार ना? १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रँक नॅसवर्दीने पॉलियुरेथेनची (रबरासारख्या प्लास्टिकची) चाकं आणली तेव्हा हा खेळ पुन्हा वर आला, तो याचमुळे. आधीची मातीच्या मिश्रणाची चाकं जमीन धरतच नव्हती.

ओंकार_लेज:
मुक्ताताई, रस्त्याचं खरंय, पण निष्कर्ष पटत नाही. फिरायचंच असेल तर सायकल आहे की. स्केटबोर्ड घेणाऱ्या मुलाला ऑली (बोर्डासकट उडी) मारायची असते, आणि ६० मिमीचं चाक त्याला जड पडतं. टेल (बोर्डाचं मागचं टोक) आपटली की मऊ चाक उसळी खातं, ठोका खणखणीत बसत नाही. उतरताना तर जास्तच त्रास. बोर्ड जरा तिरका पडला तर कडक चाक सरकतं आणि सरळ होतं. मऊ चाक जमीन घट्ट धरतं, बोर्ड तिथेच थांबतो आणि अंग पुढे फेकलं जातं. तुम्ही सांगितलेलं तोंडावर आपटणं इथेही आहेच. शिवाय एवढं मोठं चाक वळताना डेकला (पाय ठेवायच्या फळीला) घासतं.

मुक्ता_डोंबिवली:
घासण्यावर उपाय सोपा आहे. ट्रक (चाकं धरणारा धातूचा भाग) आणि डेक यांच्यामध्ये पाव इंचाचा रायझर (उंची वाढवणारी पट्टी) घाला, बोल्ट त्या मापाने लांब घ्या. आणि नवशिका पहिल्या महिन्यात कुठली ऑली मारतो! तो ढकलायला आणि वळायला शिकतो. चाकं नंतर बदलता येतात, चार नटांचं काम. मनातून गेलेली हौस मात्र परत आणता येत नाही.

निखिल_बाउल:
तुम्ही दोघं चाकांवरच अडकलात. मी बाउलमध्ये (वाडग्यासारख्या खोलगट स्केटपार्कात) चालवतो, तिथे मोठं आणि कडक दोन्ही लागतं: ५६ ते ५८ मिमी, ९९ए किंवा वर, कारण उतारावरून आलेला वेग टिकला पाहिजे. डेक ८.५ इंचांचा, पाय रोवायला जागा हवी म्हणून. रस्त्यावर फ्लिप मारणारा (बोर्ड हवेत फिरवणारा) ८ इंचांवर खूश असतो. पण खरी चूक होते ट्रकमध्ये. अ‍ॅक्सल (ट्रकमधला चाकांचा दांडा) डेकच्या रुंदीएवढा हवा. इंडिपेंडंट कंपनीचा १३९ नंबरचा ट्रक आठ इंचांच्या डेकला, १४९ साडेआठला. ८.५च्या डेकखाली १३९ लावला की बोर्ड डगमगतो आणि मुलाला वाटतं आपल्यालाच तोल जमत नाही. चाकांच्या आतल्या बेअरिंगवरच्या एबेक आकड्यावर तर एक रुपयाही जास्त घालवू नका. ती यंत्रांच्या बेअरिंगची अचूकता मोजणारी श्रेणी आहे. उडी मारून उतरताना आडवा दाब किती सोसेल हे त्यात मोजतच नाहीत.

ओंकार_लेज:
ट्रक आणि बेअरिंगचं शंभर टक्के बरोबर. चाकांचं मात्र मी सोडणार नाही. इमारतीच्या तळघरातलं पार्किंग बघा, ट्रिमिक्सची (यंत्राने गुळगुळीत केलेल्या काँक्रीटची) सपाट जमीन असते. रविवारी सकाळी तिथे ९९एवर शिकवा. मऊ चाकांवर पाय बसला की कडक चाकं बर्फासारखी वाटतात, सगळं नव्याने शिकावं लागतं.

मुक्ता_डोंबिवली:
उतारावरून गाडी आत येते तेव्हा चालकाला खाली वाकलेलं पोर दिसत नाही, ओंकार. मी माझ्या भाच्याला तिथे कधीच सोडणार नाही. पार्किंगच्या तोंडाशी कोणी मोठं माणूस उभं राहणार असेल तर ९९ए लावायला मी तयार आहे. नाहीतर ७८ए, हेल्मेट, गुडघ्यांना पॅड, आणि सोसायटीचं पटांगण.

ओंकार_लेज:
मोठं माणूस उभं राहायची अट मान्य. रविवारी मीच उभा राहतो. ५२ मिमीची जुनी चाकं पडून आहेत, ती घेऊन येतो. भाचा दोन्हीवर चालवेल आणि मग त्यालाच विचारू.